उतरावंसं वाटेना

संक्रांतीच्या दुपारी वसंतरावांच्या जयपूरच्या सी-स्कीममधल्या बंगल्याच्या हिरवळीवर उमाकांत स्वीडनच्या आगगाडीची गोष्ट सांगत होता, आणि सांगता सांगता त्या गोष्टीत आजवर कधीच नसलेलं एक वाक्य तो बोलून गेला. वाक्य लहानसंच होतं. "गाडी थांबली, समोर एव्हर्ट आणि नील्स गळाच्या काठ्या खांद्यावर टाकून उभे, आणि मला उतरावंसंच वाटेना." एवढं म्हणून तो हसला, चहाचा घोट घेतला आणि नेहमीच्या वाटेनं पुढं निघाला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आभाळात पतंगांची नुसती दाटी झाली होती, शेजारच्या गच्चीवरून 'वो काटा'चा गलका उठत होता, विमा कंपनीतल्या आणि बँकेतल्या बदलीच्या मंडळींची पोरं तुटलेल्या मांज्यामागं धावत होती. यजमान वसंतराव विम्याच्या कचेरीतले मोठे साहेब. जयपुरातल्या मराठी घरांना सणावारी एकत्र बोलावणं आणि जेवणं झाली की "उमाकांत, ती तुझी उत्तरेची गाडी सोड रे एकदा" असं फर्मावणं, हा त्यांचा शिरस्ताच होता. ते डोळे मिटून ऐकत होते. त्यांची बायको मधुमतीबाई गुळपोळ्यांवर तूप वाढत होती. फक्त उमाकांतची बायको प्रतिमा हातातली तिळगुळाची वाटी पुढंही करीना आणि खालीही ठेवीना. घरात रोजच्या पायऱ्या उतरताना एखादी पायरीच नसावी, तसा तिचा पाय पोकळीत पडला होता.

कारण ती गोष्ट तिला पाठ होती. त्याच्यापेक्षा जास्त. उमाकांत बेअरिंगच्या कारखान्यात इंजिनियर, कारखान्यानं त्याला शिक्षणासाठी दहा-अकरा महिने स्वीडनला पाठवलं होतं, आणि तो परतल्यापासून गेली अडीच वर्षं ती ही गोष्ट ऐकत आली होती. इतक्या वेळा, की ती गाडी आता तिच्याच मालकीची झाली होती. एकाच डब्याची ती गाडी, डिझेलवर चालणारी, आपल्याकडच्या मोटारीसारखी ड्रायव्हरच्या पाठीशी बसून पुढचा रूळ बघता यायचा. दोन्ही बाजूंना देवदारासारखी झाडं, मग पाणी, मग पुन्हा झाडं, मग पुन्हा पाणी. रुळांवर शिंगवाले रेनडिअर उभे राहिले की ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरे आणि टाळ्या वाजवून त्यांना हाकलून देई. लाल रंगाच्या लाकडी ठाण्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि दुधाच्या बरण्या. एका नदीच्या पुलावर रूळ आणि मोटारींचा रस्ता एकच. एका जागी रुळांच्या कडेपासून रानात लांबवर गेलेली, ध्रुववृत्ताची खूण म्हणून पांढऱ्या रंगवलेल्या धोंड्यांची ओळ, आणि तिच्यापलीकडं जुलै महिन्यात सूर्य मावळतच नाही. प्रतिमाला त्या उजेडाचा रंगही ठाऊक होता. उमाकांत 'पिवळसर' म्हणे, पण तिला तो पातळ ताकाच्या निवळीसारखा दिसे. तो कधी रेनडिअर विसरला तर ती आठवण करून द्यायची. "अहो, कॉफीतलं चीज राहिलं," असं म्हणायची, मग तो सांगायचा: तिथल्या कारखान्यातल्या ज्या दोघा सोबत्यांनी त्याला सुट्टीत मासे धरायला बोलावलं होतं, त्यांतला एव्हर्ट तळ्याकाठी काटक्या पेटवून किटलीत कॉफी उकळायचा, तीत चीजचे तुकडे सोडायचा, आणि मग साखरेचा खडा दातांत धरून ती चक्क बशीत ओतून भुरकायचा. इथून निघताना साहेबांनी बजावलं होतं, बशीत ओतून पिऊ नका, लोक हसतील. आणि तिथं हे. यावर मंडळी हमखास हसत. मग गळाला लागलेला मासा. हा शाकाहारी देशस्थ माणूस तो थंडगार, थरथरता जीव दोन्ही हातांत धरून उभा, काय करावं कळेना. आणि अर्धं बोट तुटलेला एव्हर्ट एक अक्षर न बोलता त्याची मनगटं धरून ती पाण्याखाली नेतो आणि मासा जाऊ देतो. इथं गोष्ट संपायची. पण त्याआधी उतरणं होतं. दोन दिवसांचा प्रवास करून आलेला उमाकांत, गाडी पुरती थांबायच्या आतच, धावत्या डब्यातून उडी मारतो, असं होतं. उडी मारतो. अडीच वर्षं तो उडी मारत आला होता.

परतताना सायकलरिक्षात विभा दोघांच्या मधे बसली होती. पाचाला टेकलेली ती पोर हातातला फाटका पतंग मिरवत "आई, भैयानं दिला, मतलब कटून आला होता ना, मग लूट लिया," असं आपल्या मिसळीच्या मराठीत सांगत होती. उमाकांत तिच्या डोक्यावरून रस्त्याकडं बघत होता. प्रतिमाला वाटलं, विचारावं. मग वाटलं, काय विचारायचं? तुम्हाला उतरावंसं का वाटलं नाही, हे विचारता येतं का? तारेवर लोंबणारे पतंग मागं पडत होते आणि तिच्या डोक्यात ती लहानशी गाडी त्या ठाण्यावर थांबलीच होती. दार उघडं. दारात तिचा नवरा. तो उतरत नाही. उतरला नाही तर गाडी पुढं जाणार. पुढं कुठं जाते ती? हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. एव्हर्ट आणि नील्स यांच्यापाशी गाडी संपते असंच ती धरून चालली होती. आता रूळ पुढं जाताना दिसत होते, त्या ताकासारख्या उजेडात, जिथं दिवस मावळत नाही म्हणजे घरी परतायची वेळही होत नाही.

पुढचे दिवस तिचं मन कशातच लागेना. कणीक मळायला घेतली की मधेच हात धुऊन ती अंगणात येई. कपडे वाळत घालायला गेली की अर्धे घालून परत फिरे. उमाकांत कारखान्यातून येई, हातपाय धुई, विभाला जवळ घेई, सगळं नेहमीसारखं. पण आता ती त्याच्याकडं चोरून बघू लागली होती आणि नेहमीसारखं काही दिसेना. तो बोलता बोलता थांबत होता. घास हातात धरून बसत होता. हे आधीपासूनच होतं का? असेल, आणि आपणच पाहिलं नसेल. त्या दारात उभ्या असलेल्या माणसाला आपण ठाऊक होतो का? त्या जुलै महिन्यात आपण इथं काय करत होतो? आणि हा प्रश्न मनात आला की ती घाईघाईनं दुसरं काहीतरी काम काढी, कारण त्याचं उत्तर तिला चांगलंच माहीत होतं.

त्या जुलै महिन्यात ती सायकल चालवत होती. सासूबाई सोबतीला म्हणून सांगलीहून आल्या होत्या, पण जयपूरची कोरडी हवा त्यांना मानवली नाही आणि महिन्याभरातच त्या परत गेल्या. मग घरात ती आणि दीड-दोन वर्षांची विभा. पहिले आठवडे रडण्यात गेले. मग मालन भेटली. मालनचा नवरा हणमंत फौजेत हवालदार, लष्कराच्या वस्तीत क्वार्टर, आणि तो कायम कुठंतरी सरहद्दीवर. साताऱ्याकडची ही धिप्पाड बाई एक दिवस बाजारात मराठी ऐकून वळली आणि तिनं प्रतिमाला जी धरली ती सोडलीच नाही. परेडच्या मैदानाच्या कडेला तिनं प्रतिमाला आपल्याकडच्या सायकलवर बसवलं, मागून सीट धरून धावली आणि न सांगता सोडून दिली. नऊवारी कासोटा कसून घालायला तिनंच शिकवलं. त्या सायकलवरून प्रतिमा भाजी आणू लागली. पुढं जवळच्या शाळेत एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा तिनं महिना-दीड महिना लहान मुलांना गाणीही शिकवली. सकाळी लौकर, हवा गार असताना, रिकाम्या रस्त्यावरून, विभाला मालनपाशी ठेवून, एकटी. कुणाला सांगून निघायचं नव्हतं. कुणी वाट बघत नव्हतं. पत्रात तिनं लिहिलं, तुमच्यावाचून करमत नाही. ते खोटं नव्हतं. पण सायकलचं तिनं लिहिलं नाही.

गुरुवारी ती मालनकडं गेली. मालन घर आवरत होती. हणमंतची बदली झाली होती आणि आठवड्यात त्यांना हलायचं होतं. खोलीभर ट्रंका उघड्या पडल्या होत्या, बल्बसुद्धा काढून कागदात गुंडाळले होते. प्रतिमा एका ट्रंकेच्या काठावर टेकली आणि तिनं जमेल तसं सांगून टाकलं. मालननं ऐकता ऐकता दोन घोंगड्यांच्या घड्या घातल्या.

"मंग? उतरला न्हवं शेवटी?" ती म्हणाली.

"उतरले. पण वाटलं नाही म्हणाले. चारचौघांत म्हणाले, मालनबाई."

"आवं, वाटत न्हाई कुनालाबी. ह्ये आमचं बघा. रजेवर येतंय वरसातनं दोनदा. दारात येऊन हुबं ऱ्हातंय पेटी घिऊन, आन् मी आत हुबी. दोगं बी तसंच. कुनी म्होरं व्हायचं? घटकाभर तर मला त्येचं तोंडबी वळकू येत न्हाई." ती हसली. "आन् खरं सांगू का वैनी? नवरा नसला की घर मोठ्ठं होतंय. तुमी काय मला शिकवताय. तुमी सायकलवर बसला की असं तोंड उजळायचं तुमचं, म्या बगितलंय की."

प्रतिमाला राग आला. कशाचा ते तिला कळेना. "तसं काही नव्हतं," ती म्हणाली. मालननं तिच्याकडं बघितलं आणि तिच्यासमोर शेंगदाण्याची परात सरकवली. निघताना मात्र तिनं प्रतिमाला घट्ट कवेत धरलं, तेव्हा दोघींच्या लक्षात आलं की पुन्हा गाठ पडायची ही काही खात्रीची गोष्ट नाही.

बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर जे इतकी वर्षं ढकललं होतं ते सरळ समोर आलं. उमाकांत परत आला तो दिवस. ऑगस्टची दमट सकाळ, जयपूर स्टेशन, दिल्लीकडची गाडी. कडेवर विभा, अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं, वेणीत मोगरा. गाडी फलाटात शिरली आणि डब्याच्या दारात तो दिसला. वाळलेला, रंग उजळलेला, अंगात अनोळखी कोट. त्यानं तिला पाहिलं नव्हतं. आणि ती, कुणी ढकलल्यासारखी, खांबामागं झाली. खांबाचं लोखंड ओलसर होतं. त्याला गाल लावून ती उभी राहिली आणि तिनं विभाचं डोकं खांद्यावर दाबून धरलं. विचार असा एकही नव्हता. एवढंच होतं की अजून नको. थोडा वेळ अजून नको. हमालानं त्याची ट्रंक उतरवली, मग बिछाना उतरवला, तोवर ती तिथंच होती. उद्या सायकल मालनला परत द्यायची, हे तिला त्या खांबामागं उभं असतानाच कळलं होतं.

बस वळली तशी ती गजाला धरून सावरली. म्हणजे मालनला हे 'अजून नको' माहीत होतं. आणि राग आला होता तो याचाच.

रविवारी दुपारी जेवणानंतर विभा शेजारी खेळायला गेली. उमाकांत अंगणात उन्हाला पाठ देऊन विभाच्या तीनचाकीचं चाक उघडून बसला होता. तेलाचे हात, पुढ्यात वर्तमानपत्राचा कागद, त्यावर छर्रे मांडलेले. प्रतिमा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आपण आता बोलणार हे तिचं तिलाच आधी कळलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, उतरावंसं वाटेना."

"कधी?"

"संक्रांतीला. वसंतरावांकडं."

तो छर्रे पुसत राहिला. "असेल म्हटलं. गोष्टीत माणूस काहीही बोलतो."

"काहीही नाही. मला तुमची गोष्ट पाठ आहे. तुम्ही उडी मारता."

"मग उडीच मारली असेन."

"अहो, माझ्याकडं बघून सांगा."

त्यानं वर पाहिलं. चेहऱ्यावर चीड होती, आणि चिडीच्या मागं काहीतरी दमलेलं. "काय सांगू? दोन दिवस गाडीत बसलो होतो. माझ्या भाषेतलं एक माणूस नाही. दिवस संपत नव्हता, झोप येत नव्हती. मी आता कुठं आहे हे जगात कुणाला माहीत नाही, असं माझ्या डोक्यात आलं आणि इतकं हलकं वाटलं की काय सांगू. घर नाही, कारखाना नाही, आई नाही, तू नाहीस. कुणीच नाही. मग ते ठाणं आलं, ते दोघं दिसले, आणि वाटलं, आता उतरलो की पुन्हा मी कुणाचा तरी कुणीतरी होणार. बस. एवढंच. पण उतरलो ना मी? परत आलो ना?"

"आलात," प्रतिमा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आणि तुम्ही आलात तेव्हा मी खांबामागं लपले होते. स्टेशनवर. तुम्ही मला शोधत होतात आणि मी बघत होते. तुमची ट्रंक उतरली, बिछाना उतरला, तरी मी आले नाही. मला वाटत होतं, अजून नको."

एक छर्रा कागदावरून घरंगळत फरशीवर गेला आणि दोघांनीही तो जाऊ दिला. तिला वाटलं, आता तो उठेल, बोलेल, निघून जाईल, काहीही करील. मोडायचं असेल ते आता मोडेल. तो तिच्याकडं बघत राहिला, नव्यानं ओळख झालेल्या माणसाकडं बघावं तसा, आणि मग त्यानं साधंच विचारलं.

"मग बाहेर का आलीस?"

तिला इतक्या वर्षांत स्वतःलाही हे विचारायचं सुचलं नव्हतं. "तुम्ही घाबरला होतात," ती सावकाश म्हणाली. "हमाल पैसे मागत होता आणि तुम्हाला तिकडची नाणी कुठली, आपली कुठली ते ओळखता येईना. जत्रेत चुकलेल्या पोरासारखं तुम्ही इकडंतिकडं बघत होतात. ते मला बघवेना."

उमाकांतनं मान खाली घातली. तेलकट चिंधीचा बोळा बोटांत फिरवत तो म्हणाला, "मीही आपणहून उतरलो नाही, प्रतिमा. ते मी कधी सांगितलं नाही. गार्डानं शिटी दिली तरी मी दारात तसाच. मग एव्हर्ट आत चढला. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. एक शब्द बोलला नाही. माझी बॅग उचलली आणि उतरून चालायला लागला. बॅगेमागोमाग मी. पुढं तीन-चार दिवस तळ्याकाठी बरोबर होतो, पण त्यानं त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. नील्सलाही सांगितलं नसावं." त्यानं बोळा कागदावर ठेवला. "एव्हर्ट गेला."

"कुठं?"

"गेला. वारला. नवं ग्राइंडिंग मशीन बसवायला तिकडचा एक फिटर आलाय कारखान्यात. संक्रांतीच्या आधी कँटीनमध्ये जेवताना मी सहज विचारलं, एव्हर्ट कसा आहे. तो बटाटा चावत होता. म्हणाला, तो ना, तो नोव्हेंबरात गेला. तळं नुकतंच गोठलं होतं, बर्फ पातळ होतं, आणि हा मासे धरायला आत गेला. नील्स काठावर होता. दोर टाकेपर्यंत…" त्यानं हातानं काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला आणि हात अर्ध्यातच राहिला. "मग त्या फिटरनं मला विचारलं, इथं मीठ एवढं कमी का घालतात. मी कुणाला सांगणार होतो? इथं त्याला ओळखतं कोण? त्या दिवशी वसंतरावांनी गोष्ट सांग म्हटलं, तेव्हा वाटलं, निदान त्यानं बॅग उचलली एवढं तरी सांगावं. तिथवर आलो आणि पुढं बोलताच येईना. मग हसलो."

प्रतिमा उंबऱ्यावर बसली. घास हातात धरून बसलेला हा माणूस. आठ दिवस आपण त्याच्याकडं चोरून बघत होतो आणि जिथं तिथं आपल्यालाच शोधत होतो. तिच्या डोळ्यांसमोर पाणी होतं, त्यावर काचेसारखं बर्फ, आणि त्या अर्ध्या बोटाच्या हातानं धरलेली काठी. तो कसा दिसायचा हे तिला ठाऊक नव्हतं, उमाकांतनं कधी नीट सांगितलंच नव्हतं. पण तो बशी कुठल्या हातानं उचलायचा ते ठाऊक होतं, साखरेचा खडा दातांत कसा करकरायचा ते ठाऊक होतं, आणि थरथरता मासा धरलेल्या मनगटांवर त्याची पकड किती अलगद असायची ते तर तिनं स्वतःच्या मनगटांवर कितीदा अनुभवलं होतं. तिला रडू फुटलं. इतकं अचानक आणि इतकं मोकळं, की उमाकांत उठून तिच्याजवळ आला आणि तेलाचे हात तिला लागू नयेत म्हणून मागं धरून तसाच अवघडून उभा राहिला. मग त्याचाही बांध फुटला. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. ती बाई थबकली, आणि मग तिनं हळूच तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं प्रतिमा उठली. पदरानं तोंड पुसून ती न्हाणीघराकडं गेली, बंबात पाणी ओतलं, सुताराकडून आणलेल्या ढलप्या घातल्या आणि बंब पेटवला. धूर अंगणात आला. उमाकांत छर्रे गोळा करत होता, त्यानं मान वळवली.

"हे काय? आता कुणासाठी?"

"आंघोळ करून घ्या."

"सकाळी झाली की माझी."

"कळल्यावर करायची असते."

"अगं, तो आपला कोण? ना जातीचा, ना देशाचा. कळून आठवडा होऊन गेला. त्याचं कसलं आलंय…"

प्रतिमा बंबाकडं वळली. वाकून तिनं जाळ सारखा केला, दोरीवरचा पंचा ओढून न्हाणीच्या दारावर टाकला, आणि बंबाची तोटी सोडून पाण्यात बोट बुडवून पाहिलं. पाणी सोसवेल इतकं तापलं होतं.

"तुमची झाली की हाक मारा," ती म्हणाली, "माझीही राहिलीय."